सेंद्रिय खत घातल्यावर कॅक्टस पिवळा पडतो, बुंध्याशी मऊ होतो: काय तपासावं आणि कोणत्या क्रमाने

शोभेच्या कॅक्टसची ही एकच तक्रार मी इतक्यांदा सोडवली आहे, की कुंडी हातात घेतली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शेवटचं खत कधी घातलं आणि नेमकं कुठे घातलं? उत्तरही बहुतेक ठरलेलं असतं. महिना-दीड महिन्यापूर्वी, चांगलं काळंभोर गांडूळ खत किंवा शेणखत, बुंध्याला लागून, बोटभर जाड थर. खत खरंच चांगलं असतं आणि घालणाऱ्याने मायेने घातलेलं असतं. तरी झाड बसतं.

माझं मत असं झालं आहे, की इथे दोष सहसा खतातल्या अन्नाचा नसतो, खताने धरून ठेवलेल्या पाण्याचा असतो. म्हणून खाली दिलेल्या बहुतेक तपासण्या खताच्या नसून ओलीच्या आहेत.

हे कसं घडतं ते समजून घेतलं तर पुढचा क्रम आपोआप पटेल. सेंद्रिय खतातलं नत्र (नायट्रोजन) झाडाला जसंच्या तसं घेता येत नाही. मातीतले जिवाणू ते मोडून आधी अमोनियम आणि मग नायट्रेट करतात, तेव्हा ते मुळांच्या कामाचं होतं. या जिवाणूंना ओल हवी आणि ऊब हवी. कॅक्टसची कुंडी मात्र बरेच दिवस कोरडी राहायला हवी. त्यामुळे कोरड्या काळात खत निपचित पडून असतं, झाडात काही फरक दिसत नाही, म्हणून आणखी एक मूठ पडते. मग कधीतरी उबदार हवेत भरपूर पाणी मिळतं आणि साठलेलं सगळं एकदम सुटायला लागतं. त्याच वेळी खताचा बारीक गाळ वाळूच्या दाण्यांमधल्या पोकळ्या बुजवतो आणि तिथली हवा निघून जाते. कॅक्टस पाऊस पडला की थोड्याच वेळात नवी बारीक मुळं फोडतो, पाणी पिऊन घेतो आणि जमीन सुकली की ती मुळं सोडून देतो. सतत ओल्या, हवा नसलेल्या मिश्रणात ती मुळं गुदमरून मरतात, आणि मेलेल्या मुळावर बुरशी बसायला वेळ लागत नाही.

एक अपवाद आताच सांगते. श्लम्बर्गेरा, रिप्सालिस, एपिफायलम हे जंगलातले कॅक्टस झाडांच्या फांद्यांवर, पालापाचोळ्यात वाढणारे आहेत. त्यांना कुजलेला पाला आवडतो आणि थोडी ओलही चालते. खालचं सगळं मॅमिलारिया, जिम्नोकॅलिशियम, ॲस्ट्रोफायटम, पारोडिया, गोल्डन बॅरल अशा वाळवंटी आणि डोंगरी प्रकारांसाठी आहे.

आधी लक्षणं

यातलं एक दिसेल किंवा दोन-तीन एकत्र दिसतील. कोणतं लक्षण आहे ते आधी नक्की करा, कारण काहींना घाई लागते आणि काहींना अजिबात लागत नाही.

- बुंधा मातीलगत पिवळसर किंवा तपकिरी झालेला. बोट दाबलं की आत जातं, कधी पाणी सुटतं. यात घाई करायची.
- पाणी देऊनही झाड सुरकुतलेलं, आणि हलकेच हलवलं तर कुंडीत डुगडुगतं. मुळं गेल्याची ही खूण आहे.
- मातीला आंबट, नासका किंवा नाकाला झोंबणारा वास.
- सगळं झाड फिकट पिवळट, पण हाताला टणक.
- शेंडा एकदम पोपटी आणि बारीक होऊन वर निघालेला, नवे काटे लहान आणि विरळ. गोल झाड बाटलीसारखं दिसायला लागतं.
- अंगावर उभी चीर.
- मातीभोवती बारीक काळी चिलटं. कुंडी हलवली की उडतात.
- मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरा थर.

दोन गोष्टी लोक हमखास कूज समजतात आणि त्या कूज नसतात. वय वाढलं की बुंध्याची साल खालून तपकिरी, खरबरीत आणि लाकडासारखी टणक होते. ते साहजिक आहे, तिथे काही करू नका. दुसरी गोष्ट म्हणजे शेंड्याजवळ गंजासारखा तपकिरी खरखरीतपणा आणि काट्यांमध्ये अगदी बारीक जाळं. ती लाल कोळी या बारीक किडीची कामगिरी आहे, तिचा खताशी संबंध नाही आणि उपायही वेगळा.

लाल-पिवळ्या टोपीच्या कलमी कॅक्टसबद्दलही खूप विचारतात. वरच्या रंगीत जिम्नोकॅलिशियममध्ये हरितद्रव्य नसतं, तो खालच्या हिरव्या खुंटावर जगतो. टोपी कोमेजली म्हणून खत वाढवू नका. आधी खुंट बघा, बहुतेक वेळा तोच खालून मऊ झालेला असतो.

पहिली तपासणी: बोट आणि नाक

याला एक पैसा लागत नाही, पण मोठा निर्णय इथेच होतो. काटे वाचवून, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने बुंधा चारही बाजूंनी हळूच दाबा. एकच बाजू मऊ असेल तरी ती धरा, कारण कूज बहुतेकदा एका बाजूने सुरू होते आणि आपण पुढच्याच बाजूला बघत राहतो. मऊ लागलं तर मधल्या तपासण्या सोडा आणि थेट कुंडीतून झाड काढण्याच्या पायरीवर जा. इथे एका दिवसाचाही फरक पडतो.

मग माती हुंगा. मुरलेल्या खताला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. नासका वास आला तर खाली हवा नाही असं समजा. झोंबणारा वास अमोनियाचा असतो: खत कच्चं होतं किंवा पेंडीसारखं नत्र जास्त असलेलं काहीतरी एकदम जास्त पडलं.

दुसरी: काडी, वजन आणि बशी

वरची माती कोरडी दिसते म्हणून पाणी देणं ही मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेली चूक आहे. वर खताचा सुका भुरका असतो आणि दोन इंच खाली चिखल. लाकडाची पातळ काडी कुंडीच्या कडेने तळापर्यंत घाला, दहा मिनिटं ठेवा, बाहेर काढा. काडी गडद आणि गार लागली किंवा माती चिकटून आली, तर तळ ओला आहे.

याहून भरवशाचं म्हणजे वजन. कुंडी पूर्ण कोरडी असताना एकदा उचलून बघा, स्वयंपाकघरातला काटा असेल तर आकडा लिहून ठेवा. पाणी देऊन निथळल्यावर पुन्हा तोला. त्यानंतर किती दिवसांनी पहिला आकडा परत येतो ते बघा. प्रखर उजेडात, वाढीच्या हंगामात लहान कुंडी आठवड्याभरात कोरड्या वजनाला यायला हवी. दोन आठवडे झाले तरी येत नसेल, तर तुमचं मिश्रण कॅक्टससाठी फार ओल धरतं. मग त्यात कोणतंही खत घाला, शेवट एकच.

कुंडी उचललीच आहे तर तळाचं भोक बघा. खताचा गाळ बसून ते बुजलेलं असतं. शोभेच्या बाहेरच्या भांड्यात किंवा बशीत पाणी साठलं असेल तर ओतून टाका. आणि निचऱ्यासाठी तळात खड्यांचा थर दिला आहे, म्हणून निश्चिंत राहू नका. बारीक मिश्रणाखाली खडे असले की पाणी त्या सीमेवर अडून राहतं, खड्यांत उतरत नाही. ओला थर फक्त वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. निचरा हवा असेल तर सगळंच मिश्रण जाडसर हवं.

तिसरी: तारीख आणि उजेड

खत कोणत्या दिवसांत घातलं ते आठवा. बहुतेक कॅक्टस थंडीत झोपतात. झोपलेलं झाड खत घेत नाही. खत मातीत पडून ओल धरतं आणि बुरशीला पोसतं. कडक उन्हाळ्याचंही तसंच. कॅक्टस आपली रंध्रं (सालीवरची सूक्ष्म छिद्रं) दिवसा मिटून रात्री उघडतो आणि रात्रीच्या गारव्यात कार्बन डायऑक्साइड घेतो. रात्रीही हवा तापलेलीच राहिली तर पुष्कळ जाती वाढ थांबवतात, म्हणून तेव्हाही खत नको.

उजेडाचं वेगळं सांगते, कारण बारीक निघालेल्या शेंड्याचा सगळा दोष खतावर येतो. खरं तर उजेड कमी असेल तर खत न घालताही झाड ताणलं जातं. नत्र त्या वाढीचा फक्त वेग वाढवतं. अशी वाढ पाणीदार आणि पातळ सालीची असते, तिला चीर लवकर पडते आणि पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी पांढरी कीड तिच्याकडेच आधी वळते. बारीक झालेला भाग पुन्हा जाड होत नाही. पुढची वाढ नीट करणं एवढंच आपल्या हातात असतं: उजेड वाढवा, पण दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने, कारण सावलीतलं झाड एकदम उन्हात नेलं की साल भाजते आणि तो पांढरट डाग कायमचा राहतो. खत पूर्ण बंद ठेवा.

उभी चीर पडली असेल तर घाबरू नका. झाडाने मावेल त्याहून जास्त पाणी एकदम घेतलं, एवढाच तिचा अर्थ. चीर कोरडी राहू द्या, तिच्यात काही भरू नका. ती आपोआप खपली धरते.

चौथी: बुंध्याशी असलेला थर काढा

आता हात मातीत घालायचे. त्याआधी एक सूचना, जी मी स्वतः कधी मोडत नाही: कोरडं खत किंवा हाडांचा चुरा ढवळायचा असेल तर आधी थोडं पाणी शिंपडा, नाकातोंडावर मास्क लावा आणि हे काम मोकळ्या हवेत करा. कुंडीच्या मिश्रणातून लेजिओनेला प्रकारचे जिवाणू धुळीवाटे फुप्फुसात जाऊ शकतात. हातमोजेही घाला, काट्याची जखम आणि शेणखत ही जोडी धनुर्वाताच्या दृष्टीनेही वाईट.

जुन्या चमच्याने बुंध्याभोवतीचा खताचा थर उकरून काढा, मान मोकळी दिसेपर्यंत. त्या जागी एक ते दोन सेंटिमीटर जाडीची धुतलेली बारीक खडी पसरा. याचे दोन फायदे आहेत. बुंधा कोरडा राहतो, आणि चिलटांना अंडी घालायला ओला सेंद्रिय थर उरत नाही. चिलटांच्या अळ्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्येच असतात. त्या कुजणारा पाला आणि बुरशी खातात, संख्या वाढली की कोवळी मुळंही कुरतडतात. मोठ्या झाडाला त्याचं फारसं काही वाटत नाही, बियांपासून आलेली बारकी रोपं मात्र जातात.

उडणारी चिलटं पिवळ्या चिकट सापळ्यावर अडकतात, पण सापळ्याने मातीतल्या अळ्या संपत नाहीत. अंड्यापासून चिलटापर्यंतचा फेरा उबदार हवेत तीन-चार आठवड्यांचा असतो, म्हणून माती तेवढे दिवस नीट कोरडी ठेवली की बहुतेक वेळा प्रश्न तिथेच सुटतो. पाणी द्यावंच लागत असेल तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस हा जिवाणू असलेलं औषध पाण्यातून द्या. ते अळ्यांवरच काम करतं.

पांढऱ्या थराचा निवाडाही इथेच होतो. कापसासारखा, फुंकर मारली की हलणारा असेल तर ती खतावर वाढलेली साधी बुरशी आहे. ती झाडाला मारत नाही, पण माती फार वेळ ओली राहते हे सांगते. नखाने खरवडल्यावर कडक पापुद्रा निघाला तर ते क्षार आहेत.

पाचवी: खत मुरलेलं होतं का

पिशवीत खत उरलं असेल तर दोन सोप्या चाचण्या करा. मूठभर खत ओलसर करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि तीन-चार दिवस ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर ठीक. आंबट किंवा अमोनियाचा आला तर कुजण्याचं काम अजून चालू आहे. दुसरी चाचणी बियांची. एका वाटीत हे खत आणि वाळू समसमान, दुसरीत नुसती वाळू. दोन्हींत मुळ्याच्या दहा-दहा बिया टाका. खताच्या वाटीत बिया फारच कमी उगवल्या किंवा मुळांची टोकं तपकिरी झाली, तर ते खत कॅक्टसला देऊ नका. दोन महिने मोकळ्या हवेत, अधूनमधून खालीवर करत मुरू द्या आणि चाचणी पुन्हा करा.

झाड पिवळट पण टणक असेल तर याच्या उलटंही घडलेलं असू शकतं. लाकडाचा भुसा, अर्धवट कुजलेला पाला, कच्चा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांत कार्बन खूप आणि नत्र थोडं. त्यांना कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि झाड उपाशी राहतं. खत घालूनही भूक, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण मी ते अनेकदा पाहिलं आहे. मुरलेल्या कंपोस्टमध्ये कार्बन आणि नत्राचं प्रमाण साधारण 20:1 च्या खाली आलेलं असतं. लाकडाच्या भुशात कार्बन नत्राच्या शेकडो पट असतो.

कोणतं खत किती जोरकस आहे याचा अंदाज हवा. गांडूळ खतात नत्र साधारण 1.5 ते 2 टक्के, निंबोळी पेंडीत 4 ते 5 टक्के आणि शेंगदाणा पेंडीत 7 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे गांडूळ खताचा एक चमचा चालला म्हणून पेंडीचाही एक चमचा चालेल असं होत नाही. त्यात पेंड कुजताना तापते, वास मारते, माश्या बोलावते. लहान कुंडीतल्या कॅक्टसला मी शेंगदाणा किंवा मोहरीची पेंड कोणत्याच रूपात देत नाही. एरंडीची पेंड तर घरात कुत्रा-मांजर असेल तर आणूच नका, तिच्यात रिसिन हे विष असतं.

चहाचा चोथा, केळीच्या सालीचं पाणी, अंड्याची टरफलं हे तिन्ही उपाय या झाडांसाठी मला पटलेले नाहीत. चोथा ओल धरतो आणि चिलटं आणतो. सालीचं पाणी आंबतं. टरफलांतला चुना कोरड्या मिश्रणात इतका सावकाश विरघळतो, की झाडाला त्याचा पत्ताही लागत नाही. राख तर नकोच, ती तीव्र अल्कधर्मी असते.

सहावी: क्षार आणि सामू (पीएच)

सेंद्रिय खताने क्षार साठत नाहीत हा समज चुकीचा आहे. शेणखतात आणि काही कंपोस्टमध्ये क्षार चांगलेच असतात, त्यात पाणी जड असेल तर भर पडते. क्षार वाढले की पाणी असूनही मुळांना ते ओढता येत नाही, आणि झाड ओल्या मातीत सुरकुततं. पापुद्रा खरवडून काढा. मग वाढीच्या हंगामात, उबदार आणि वाऱ्याच्या दिवशी, कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट-चौपट साधं पाणी वरून हळूहळू ओता आणि खालून पूर्ण निथळू द्या. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर उत्तम. थंडीत किंवा बुंधा मऊ असताना हे करू नका. तेव्हा धुण्यापेक्षा मिश्रण बदलणं बरं.

नवी वाढ पिवळट आणि जुना भाग हिरवा असेल तर सामू मोजण्याची पट्टी आणा. बहुतेक कॅक्टसना 5.5 ते 6.5 सामू मानवतो. तो 7 च्या वर गेला की लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही. हाडांच्या चुऱ्यातलं स्फुरदही (फॉस्फरस) अशा मातीत बांधलेलंच राहतं, त्यामुळे फुलांसाठी म्हणून चुरा वाढवत नेण्यात अर्थ नाही.

सातवी: झाड कुंडीतून काढून मुळं बघणं

इथपर्यंत कारण सापडलं नसेल, झाड डुगडुगत असेल किंवा बुंधा मऊ असेल, तरच ही पायरी. निरोगी झाडाची मुळं उगाच उघडी करू नका.

वर्तमानपत्राची जाड पट्टी करून झाडाच्या कमरेला गुंडाळा, तिने धरा आणि कुंडी ओढून काढा. बोटांनी माती हळूहळू झाडा. पांढरट किंवा फिकट तपकिरी, ओढल्यावर टिकणारी मुळं जिवंत आहेत. काळी, दाबल्यावर साल निघून आत दोरा उरणारी मुळं मेलेली.

मधोमध कोकोपीटचा गच्च गोळा सापडला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. रोपं बऱ्याचदा अशाच गोळ्यात वाढवलेली असतात. तो ओला झाला की लवकर सुकत नाही आणि कडकडीत सुकला की पाणी आत घेत नाही. बाहेरचं मिश्रण कितीही चांगलं केलं तरी मूळ त्या गोळ्यातच अडकलेलं असतं. तो काढून टाका, गरज पडली तर कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवून.

मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर पांढरी भुकटी किंवा कापसाचे ठिपके दिसले तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण. वरून काहीच दिसत नाही, झाड फक्त खुंटतं, आणि लोक भुकेलं समजून खत वाढवतात. सगळी माती फेका, मुळं वाहत्या पाण्याखाली धुवा, कुंडी गरम पाण्याने आणि साबणाने धुवा. वरच्या अंगावर ढेकूण असेल तर 70 टक्क्यांचा आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशने लावा, सावलीत. शेजारच्या कुंड्याही तपासा.

मेलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापा, झाड सावलीत आठवडाभर कोरडं ठेवा आणि नव्या मिश्रणात लावा. माझं प्रमाण असं: प्युमिस आणि परलाइट (ज्वालामुखीच्या खडकापासूनचे हलके, सच्छिद्र खडे), जाडसर धुतलेली वाळू, विटांचे बारीक तुकडे यांतलं जे मिळेल ते मिळून सत्तर ते ऐंशी टक्के, उरलेल्यात बागेतली माती आणि चाळलेलं गांडूळ खत, पण खत एकूण मिश्रणाच्या दहा टक्क्यांच्या वर नाही. समुद्रकिनाऱ्याची खारी वाळू नको, बांधकामाची अगदी बारीक वाळूही नको. मिश्रण पाण्याने भिजवून मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर गोळा राहिला तर जाडसर घटक आणखी घाला.

आठवी: कूज कापणं

हे मन घट्ट करून करायचं काम आहे. सुरी अल्कोहोलने पुसा आणि मऊ भागाच्या वरून आडवा छेद घ्या. छेदात मधोमध एक कडं दिसतं, ती पाणी वाहून नेणारी नळ्यांची रिंग. ती आणि भोवतीचा गर स्वच्छ फिकट हिरवा-पांढरा हवा. कड्यात तांबूस, नारिंगी किंवा तपकिरी ठिपका असला तर कूज तिथपर्यंत चढली आहे; बाकीचा गर कितीही चांगला दिसला तरी पुन्हा वर कापा. दर कापाआधी सुरी पुन्हा पुसा, नाहीतर आपणच रोग वर नेतो. शेवटचे एक-दोन काप मी नेहमी स्वच्छ दिसल्यावरही घेते, कारण तिथेच कंजूषी केल्याने वाचलेली झाडं नंतर गमावली आहेत.

कापलेल्या कडा थोड्या तिरप्या करा, गंधकाची भुकटी लावा आणि सावलीत, वाऱ्याच्या जागी ठेवा. बारीक खोडाला आठवडा पुरतो, मनगटाएवढ्या जाड खोडाला तीन आठवडे किंवा जास्त लागतात. खपली टणक आणि कोरडी झाली की नुसत्या कोरड्या खडी-प्युमिसवर टेकवून ठेवा. खत नाही, कंपोस्ट नाही, पाणीही नाही. मुळं फुटायची वाट बघा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

काही वेळा स्वतः करत राहण्याने नुकसान वाढतं.

- थोड्याच दिवसांत एकामागून एक कुंड्यांचे बुंधे मऊ पडत असतील. मग तो मिश्रणातून किंवा पाण्यातून पसरणारा रोग असू शकतो. कापाकापी थांबवा, आजारी झाडं वेगळी करा आणि एक नमुना वनस्पतिरोग तज्ज्ञाकडे किंवा कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत द्या. फ्युजेरियम, फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूंची आणि जिवाणूजन्य कूज नुसत्या नजरेने वेगळ्या ओळखता येत नाहीत, आणि एकावरचं औषध दुसरीवर चालत नाही. अंदाजाने बुरशीनाशकं एकत्र मिसळून फवारू नका.
- कड्यातला ठिपका कापत कापत शेंड्यापर्यंत गेला असेल, तर झाड गेलं. माती आणि झाड दोन्ही बंद पिशवीत टाकून द्या, कंपोस्टच्या ढिगात नको.
- उंच खांबासारखा जुना कॅक्टस बुंध्याशी मऊ झाला असेल तर एकट्याने हात लावू नका. आत पाणी भरलेलं हे खोड दिसतं त्याहून खूप जड असतं आणि काट्यांसह अंगावर येतं. असं काम केलेला माणूसच बोलवा.
- जुनं, दुर्मिळ किंवा अतिशय सावकाश वाढणारं झाड, जसं एरिओकार्पस, आणि तुम्ही याआधी कधी कूज कापलेली नसेल, तर पहिला काप त्याच्यावर घेऊ नका. अनुभवी रोपवाटिकाधारकाला दाखवा.
- ओपुन्शियाची (चपट्या फड्यांचा निवडुंग) बारीक केसांसारखी कुसं डोळ्यात गेली तर डोळा चोळू नका, धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा. काटा सांध्यात खोल मोडला किंवा जागा सुजून लाल झाली, तरीही. आणि धूळ उडवत काम केल्यानंतर काही दिवसांत ताप, खोकला आला तर कुंडीच्या मातीत काम केल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पुन्हा खत कधी

नव्याने लावलेल्या झाडाला पहिलं पाणी आठवड्याने, कापून लावलेल्याला मुळं फुटल्यावर. मुळं फुटली की नाही हे उपटून बघू नका. झाड हलकेच ढकलल्यावर जागच्या जागी घट्ट राहिलं आणि सुरकुत्या भरायला लागल्या की समजा.

खत मात्र शेंड्याला नवे, रंगदार, नेहमीच्या लांबीचे काटे आल्याशिवाय नाही. मुळं छाटलेल्या झाडाला मी तो सगळा हंगाम खताविना ठेवते. त्यानंतर दहा सेंटिमीटर तोंडाच्या कुंडीला चाळलेल्या गांडूळ खताचा एक लहान चमचा, वाढीच्या सुरुवातीला एकदा; झाड जोमात असेल तर मधे आणखी एकदा. खत कुंडीच्या काठाने, खडी बाजूला करून द्यायचं आणि खडी परत ओढून घ्यायची. पातळ खत हवं असेल तर समुद्री शेवाळाचा अर्क लेबलवर लिहिलेल्या मात्रेच्या पाव भागाने, तोही कोरड्या मुळांवर नाही, आधी साधं पाणी देऊन मग. थंडीची चाहूल लागण्याआधी दोन महिने सगळं बंद. कुंडीच्या बाजूला चिकटपट्टी लावून त्यावर खताची तारीख लिहा आणि पुढचा चमचा हातात घेण्याआधी ती वाचा.